अकरा वर्षांपूर्वीच्या चार ओळी

ऑफिसात तिला सगळे काकू म्हणत. वय जेमतेम त्रेचाळीस, पण तिचा कोड सगळ्यांत जुना, म्हणून हे नातं चिकटलं. अकरा वर्षांपूर्वी तिने एक कर्नल मॉड्यूल लिहिलं होतं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. रुग्णांच्या खाटांशेजारच्या यंत्रांचे आकडे हे मॉड्यूल नर्सच्या पडद्यावर पोचवायचं. बाकी कुणी त्याला हात लावत नसे. गाभ्यात चूक झाली की नुसता प्रोग्रॅम नाही, अख्खं मशीन आडवं होतं.

या भीतीपायीच ती अडकली होती. भावाकडे असलेल्या वडिलांना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले, तरी तिच्या रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर धूळ खात पडलेला.

"तुम्ही गेलात आणि ते मॉड्यूल पुन्हा अडलं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" साहेब म्हणाले.

अडायचं हे खरंच. नवी आवृत्ती बसवताना जुनं मॉड्यूल निघता निघत नसे. मग मशीन बंद करून पुन्हा चालू करा, आणि तोवर नर्सनी डोळ्यांत तेल घालून खाटांपाशी बसायचं.

बिनखिडकीच्या टेस्टरूममध्ये, पंख्यांच्या घरघरीत ती नऊ दिवस चूक शोधत बसली. एकदा भावाचा फोन आला.

"ताई, बाबा विचारतायत, कधी येतेस?"

"एवढं संपलं की निघतेच."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालीस."

फोन ठेवून ती पुन्हा पडद्याकडे वळली.

दहाव्या दिवशी चूक सापडली, तीही तिची स्वतःचीच. तिचा थ्रेड, म्हणजे मॉड्यूलमधला आकडे नेणारा धागा, सॉकेटपाशी, निरोप येतात त्या दाराशी, वाट बघत झोपायचा. निरोप आला तरच जागा व्हायचा. थांब म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नसे. आणि मॉड्यूल काढणारा प्रोग्रॅम त्याच्या थांबण्याची वाट बघत ताटकळायचा. चार ओळींचा क्रम चुकला होता. आधी सॉकेट बंद करायचं, म्हणजे थ्रेडची झोप मोडते. मग त्याला थांबवायचं, तो संपल्याची खात्री करायची आणि शेवटी मेमरीतली जागा मोकळी करायची. तिने ओळी बदलल्या, पाचशे वेळा मॉड्यूल चढवलं, उतरवलं. एकदाही अडलं नाही.

साहेब खूश झाले. "आता बाकीची दोन मॉड्यूलंही तुम्हीच बघा." आगीतून फुफाट्यात. रजा मिळाली तीन दिवसांची, तीही फोन चालू ठेवण्याच्या अटीवर.

वडिलांनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. बोलणं अडखळत होतं, एकेक शब्द जुळवत ते काहीतरी सांगत होते. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. ती गॅलरीत गेली ती पाऊण तासाने परतली. वडिलांचा डोळा लागला होता. भावाने तिच्याकडे न बघता त्यांचं पांघरूण सारखं केलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

ऑफिसात परतल्यावर तिने टीममध्ये नव्याने आलेल्या दोन मुलींना बोलावलं. एकीलाच शिकवलं तर तीही अशीच अडकेल, हे तिला कळत होतं.

"उद्यापासून रोज एक तास माझ्याजवळ बसायचं."

"भीती वाटते, काकू," धाकटी म्हणाली.

"मलाही वाटते. खुर्ची ओढ."

दोघी तयार व्हायला वर्ष तरी लागणार होतं. वडिलांकडे तेवढं होतं का, हे तिने कुणाला विचारलं नाही.