सोळा कप्प्यांची बॅग

घरातलं माणूस गेल्यावर लोक काहीतरी घेतात. कुणी देवळाला पंखा देतं, कुणी शाळेला पाण्याची टाकी. माझी बायको गेली, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले आणि मी कॅमेऱ्याची बॅग विकत घेतली. सोळा कप्प्यांची, काळी, पावसाचं वेगळं आवरण असलेली. आज ती दाराच्या मागे खुंटीवर लटकते आहे. तिच्याकडे नजर गेली की मला तिचा राग येत नाही, किळस येते. आणि त्या किळसेतला थोडासाच वाटा बॅगेचा आहे.

मी दिग्रसला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बायको पुसद रस्त्यावरच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. घरापासून पाच मिनिटांवर एसटीचा थांबा आहे, त्याच्या समोर कापसाच्या जिनिंग कारखान्याचं फाटक. सव्वानऊची गाडी यायच्या आधी ती त्या फाटकाचा एक फोटो काढायची. अकरा वर्षं तेच फाटक. थंडीत आत कापसाच्या पांढऱ्या गंज्या, उन्हाळ्यात रिकामं आवार आणि सावलीला पडलेली कुत्री, पावसाळ्यात कंबरेएवढं गवत. मी एकदा विचारलं होतं, त्यात बघण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, बघितल्याशिवाय कसं सांगू.

कॅमेरा ती डब्याच्या पिशवीत न्यायची. भांड्याच्या दुकानातून स्टीलचा डबा घेतल्यावर फुकट मिळालेली, निळ्या चौकड्यांची, बंद लोंबलेले. आत जुन्या सुती साडीचा तुकडा, त्यात गुंडाळलेला कॅमेरा. जादा बॅटरी रुमालात. कार्डं चष्म्याच्या जुन्या डबीत. आणि तळाशी, औषधांच्या बाटल्यांत, बुटांच्या खोक्यांत निघतात तसल्या, 'खाऊ नये' असं लिहिलेल्या लहान पांढऱ्या पुड्या, वीसएक तरी. दर रविवारी ती त्या पुड्या कोमट तव्यावर पसरून ठेवायची. मी म्हणायचो, आज भाजी पुड्यांची का? ती पुड्या उलटत राहायची.

पिशवीची मला लाज वाटायची. लग्नाकार्यात ती त्याच पिशवीतून कॅमेरा काढायची आणि माझे नातेवाईक एकमेकांकडे बघायचे. मी चांगली बॅग घेऊन देतो म्हटलं की ती म्हणायची, "डब्याच्या पिशवीकडे कोणी बघत नाही. मला तेच पाहिजे."

ती गेल्यावर माझ्या मनात आलं की वर्षश्राद्धापर्यंत ते फाटक मी टिपायचं. रोज, एकही दिवस न चुकवता. तिच्यासाठी मला एवढंच करता येण्यासारखं होतं आणि ते नीट व्हावं म्हणून मी बॅगेपासून सुरुवात केली. माझ्यासारखी माणसं कामाला सुरुवात करत नाहीत, कामाच्या सामानाला सुरुवात करतात.

आठ दिवस मी मोबाइलवर बॅगांविषयी बोलणाऱ्या लोकांना ऐकलं. हा मनुष्यप्राण्याचा एक स्वतंत्र वर्ग आहे. ते बॅग उघडतात, चेन ओढून दाखवतात, चेनचा आवाज ऐकवतात. ती टेबलावर उभी राहते का हे तपासतात. एकाने बॅगेत पाण्याच्या बाटलीसाठी जागा नाही म्हणून असा चेहरा केला की त्याच्या घरी सुतक असावं. त्यांच्यापैकी कुणीही काढलेला एक फोटो मला दिसला नाही. मग यवतमाळच्या दुकानात गेलो. तिथे पांढरकवड्याकडच्या जंगलात वाघ टिपायला जाणारे दोघे जण उभे होते, अंगावर चिखलाच्या रंगाचे कपडे, खिशांवर खिसे. त्यांच्या बॅगा पाठीवर इतक्या मोठ्या की वाघ सापडला तर घरी आणता यावा. दुकानदाराने मला विचारलं, सर, आपण काय शूट करता? मी म्हटलं, एक फाटक. तो एक बॅग पुढे सरकवत म्हणाला, त्याच्यासाठी ही चांगली राहील.

मी पट्टी घेऊन गेलो होतो. कॅमेऱ्याची लांबी-रुंदी कागदावर लिहून नेली होती. या तपशिलावरून मी कसा माणूस आहे ते कळावं.

घरी आल्यावर दोन दिवस मी ती बॅग लावत होतो. आतले पडदे काढता-घालता येतात, त्यामुळे कप्प्यांचे आकार बदलता येतात. मी ते बदलले, पुन्हा बदलले. कॅमेरा मध्ये, लेन्स बाजूला, बॅटरी डावीकडे, कार्डं झाकणातल्या जाळीत, पुसायचं कापड समोर. प्रत्येक कप्प्याला वाचनालयात पुस्तकांच्या कण्यावर लावतो तशी चिठ्ठी डकवली. तिची पिशवी रिकामी केली. साडीचा तुकडा धुवायला टाकला. पुड्या कचऱ्यात.

मात्र लेन्सच्या कप्प्यात जागा उरत होती. लेन्स हलायची. ती एकच लेन्स होती, अकरा वर्षांचं सगळं काम तिच्यातून झालेलं, कंपनीने बनवणं कधीच बंद केलेली. तिला धक्का लागू नये म्हणून मी काय करावं? त्या आठवड्यात मेव्हण्याकडे गेलो होतो, महागावजवळ त्याची शेती आहे. वेचणी नुकतीच सुरू झाली होती. बायांनी शेतात सीतादही केलं होतं, दहीभात शिंपडून पहिला कापूस वेचला होता आणि त्यातला थोडा देवापुढे परातीत ठेवला होता. मी मेव्हण्याच्या बायकोला विचारून त्यातला दोन ओंजळी कापूस घेतला, सरकीसकट. मला ते फार योग्य वाटलं. तिच्या माहेरच्या शेताचा पहिला कापूस, देवापुढचा, तिच्या लेन्सभोवती. पांढरा, मऊ. मी तो कप्प्यात दाबून भरला, वर पावसाचं आवरण चढवलं आणि बराच वेळ बघत बसलो. आपण काहीतरी सुंदर केलं असं वाटून माझे डोळेही भरून आले. शोकात माणूस किती खोटा होऊ शकतो याचा तो माझा पहिला अनुभव.

पहिल्या वेचणीचा कापूस दमट असतो. दहिवराने भिजलेला असतो. या जिल्ह्यात शाळेत न गेलेल्या माणसालाही ते माहीत आहे. तो घरी आणून उन्हात पसरतात, ओला नेला तर व्यापारी मूठभर हातात दाबून लगेच ओळखतो. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, कापसाच्या खोलीत गंजीवर झोपलो आणि चार हजार पुस्तकांची नोंद हाताने केली. मला ते सुचलं नाही.

थांब्यावर मी रोज जाऊ लागलो. तिथे चहाची टपरी चालवणारी एक बाई आहे, बायकोच्या ओळखीची. पहिल्या दिवशी बॅग पाहून तिने किटली खाली ठेवली.

"सर, एवढी मोठी बॅग कायले? लग्नाची ऑर्डर हाय का?"

बाकावरचे दोघे हसले. मी म्हटलं, कॅमेरा आहे. ती म्हणाली, "कॅमेरा तं बाईजवळबी होता. पन पिशवीत चटनी-भाकरबी राहे."

मला तिचा राग आला. मग मी आवरण काढलं, पट्टा सोडवला, चेन उघडली, पडदा बाजूला केला, कॅमेरा काढला, लेन्सभोवतीचा कापूस काढला, ती जोडली, टोपण त्याच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवलं. तोवर एसटी फाटकासमोर येऊन उभी राहिली. पहिले कित्येक दिवस माझ्या फोटोंत एसटीच आहे. टपरीवाली गाडीतल्या बायांना सांगायची, बसून राहा, सरांचं दुकान उघडून राह्यलं.

पौषात फोटो धूसर दिसू लागले. मला वाटलं धुकं आहे. बारा वाजता काढला तरी धुकंच. मग लेन्स उजेडात धरली. आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होते.

यवतमाळला एका जिन्यावरच्या खोलीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात. मी बॅग त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, सगळ्या, चष्मा वर करून. लेन्स दिव्याखाली धरली. कडेच्या खाचेतून चिमट्याने एक सरकी काढली, तिला चिकटलेल्या तंतूंसकट, आणि कागदावर ठेवली. बुरशी आहे, म्हणाले, ओल बसली. मग विचारलं, "कापूस कोनं भरला हो याच्यात?"

ते इतकं सहज विचारलं होतं. मी म्हणालो, "तिची सवय होती तशी. ती गेली आता."

हे वाक्य मी विचार करून बोललो नाही, आणि हीच गोष्ट मला जास्त लागते. विचार केला असता तर कदाचित दुसरं एखादं चांगलं खोटं सापडलं असतं.

त्यांनी लेन्स फिरवून तिचा क्रमांक पाहिला. मग मला, सावकाश.

"थांब्याचे फोटो काढत होत्या, त्या बाई? गेल्या?" त्यांनी लेन्स खाली ठेवली. "सर, त्या दरसाल मिरगाच्या आधी येत होत्या माझ्याकडं. डब्याच्या पिशवीत घेऊन. लेन्स निरी साफ, आरशावानी. ओल ओढाले पुड्या ठेवा म्हनून मीच सांगतलं होतं त्यायले, त्या तव्यावर गरम करून ठेवत. कापूस त्यायनं नसंन भरला."

मी कागदावरची सरकी बोटाने जवळ ओढली.

"मी भरला," मी म्हणालो. "पुड्याही मीच टाकल्या."

"मंग तसं सांगा ना," ते म्हणाले आणि पेचकस शोधू लागले.

त्यांना चार दिवस हवे होते. लेन्स वाचेल का, हे उघडल्यावर सांगतो म्हणाले. माझी अखंड मालिका तुटणार होती. तरी मी त्या चारही दिवशी सव्वानऊला थांब्यावर गेलो, कारण घरी बसवत नव्हतं. हात रिकामे होते. टपरीवालीने न मागता चहा दिला आणि आज दुकान बंद का म्हणून विचारलं. मी सांगितलं, खोटं न बोलता, कापसासकट. पहिल्या वेचणीचा कापूस म्हटल्यावर ती हसली नाही, हे मला अधिक जड गेलं. थोड्या वेळाने म्हणाली की बाईसुद्धा रोज काढत नव्हत्या. कितीक दिवस पिशवी मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहत. घरी जाऊन मी संगणकावर तिच्या फोटोंच्या तारखा पाहिल्या. खरं होतं. आठ-आठ दिवसांची खिंडारं होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर महिनाभराची. रोजची शिस्त मी तिच्या नावावर खपवली होती, कापूस खपवला तशीच.

लेन्स वाचली, पूर्ण नाही. बुरशी निघाली, पण तिने एका बाजूला काच खाल्ली आहे. आता प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात एक पुसट डाग येतो, जिनिंगच्या पत्र्यांवर नेमका. लोक विचारतील तर तो धूर नाही हे मला सांगावं लागेल आणि का ते सांगावं लागेल. लोक विचारत नाहीत.

सोळा कप्प्यांत मी आता विजेची बिलं, गॅसचं पुस्तक, तिच्या दवाखान्याच्या फाइली ठेवतो. चिठ्ठ्या तशाच आहेत. तिचा मृत्यूचा दाखला 'बॅटरी'त आहे. डब्याची पिशवी धुऊन वापरायला काढली. पुड्या मात्र नव्याने जमवाव्या लागत आहेत. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यांतून महिन्याला एक निघते, शेजारी बुटांच्या खोक्यांतल्या आणून देतात. रविवारी सात पुड्या तव्यावर ठेवल्या. तवा किती तापवायचा ते तिला विचारून ठेवलं नव्हतं. तीन जळाल्या, घरभर करपलेल्या कागदाचा वास पसरला, आणि उरलेल्या चार मी साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवल्या.