तेल जिभेखाली असेपर्यंत

डोंबिवली पूर्वेला माझा दहावीच्या गणिताचा क्लास आहे. म्हणजे तोंडाचा पट्टा चालवणं हाच माझा धंदा. पोरं माझ्या टोमण्यांसाठी यायची, गणित त्यांना वरकड मिळायचं. घरीही तोच पट्टा चालू असायचा. बायकोने वाक्य सुरू करायचं, मी ते पुरं करायचं, वर त्याला उत्तर देऊन विषय बंद करायचा. ती म्हणायची, "तुझ्याशी बोलणं म्हणजे चालत्या मिक्सरमध्ये चमचा घालणं आहे." मला ते कौतुक वाटायचं.

मग एक दिवस फळ्यावर समीकरण सोडवताना छाती आवळली, हात गार पडले आणि आपण आता पोरांसमोरच मरणार अशी खात्री पटली. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या चांगल्या निघाल्या. मला त्याचा रागच आला. काहीतरी निघायला हवं होतं. ज्याच्या रिपोर्टमध्ये काही नसतं त्याला लोक सकाळी फिरायला जा म्हणतात. मी फिरायला गेलो आणि फिरतानाही झटका आला.

शेवटी ठाण्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. घाबरण्याचे झटके, आणि त्यांच्या खाली बरीच जुनी उदासी. त्यांनी गोळ्या दिल्या. झटके थोडे विरळ झाले, पण उदासी जागची हलली नाही. सकाळी उठून दात घासायचे या कल्पनेनेही मला रडू यायचं. मी, वर्गात रडणाऱ्या पोरांची नक्कल करणारा माणूस, बेसिनसमोर ब्रश हातात धरून रडायचो.

अशात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो पुण्यात मोठ्या पगारावर आहे. "सर, सीबीडी ट्राय करा ना. भांगेच्या झाडापासूनच बनवतात, पण नशा वगैरे काय नाय होत. माझी ॲन्झायटी एकदम सेट झाली." याला मी कधी त्रिकोणमिती शिकवू शकलो नव्हतो, आणि आता तो मला जगायचं कसं ते सांगत होता. पण मी इतका मेटाकुटीला आलो होतो की कुणी कोलशेतच्या खाडीतला चिखल चाट म्हणालं असतं तरी वाटी घेऊन गेलो असतो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "याचा उपयोग होतो याला अजून पुरेसा पुरावा नाही. माझ्या गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि घ्यायचंच ठरवलंत तर मला सांगून घ्या, दोन्ही एकत्र झेपतंय का ते रक्त तपासून बघावं लागेल." एवढ्या बोलण्यातलं मला फक्त 'घ्या' ऐकू आलं. रक्त मात्र मी तपासून घेतलं, कारण बायको सोबत होती आणि तिने सगळंच ऐकलं होतं.

मग विद्यार्थ्याने पाठवलेल्या लिंकवरून फोनच्या पडद्यावर एक तरुण वैद्य आले. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, एवढं विचारून त्यांनी चिठ्ठी दिली आणि काही दिवसांत कुरिअरने तेलाची बाटली आली. वर 'विजया' असं भांगेचं आयुर्वेदातलं नाव छापलेलं. बायकोने ते वाचलं आणि आधी दार लावून घेतलं. "अरे, ही तर भांग! सोसायटीत कुणी बघितलं तर सर गांजा ओढतात म्हणून अख्खी बॅच समोरच्या क्लासला जाईल." चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, सगळं रीतसर आहे, असं मी सांगत होतो तोवर तिने खोबरेल लावून नखाने लेबल खरवडलंसुद्धा. बाटली फ्रिजच्या दारात, कोकमाच्या बाटलीमागे गेली.

हे तेल गिळून टाकायचं नसतं. ड्रॉपरने जिभेखाली सोडायचं, मिनिटभर तसंच धरायचं आणि मग गिळायचं. चव कडवट, ओल्या गवतासारखी. तोंड उघडलं की ओघळ हनुवटीवर येतो. त्यामुळे रोज संध्याकाळी, ती ऑफिसातून आल्यावर, मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तोंड मिटून बसायचो आणि ती कणीक मळायची.

पहिल्या दिवशी तिने मला काहीतरी विचारलं. मी तोंडाकडे बोट दाखवलं. ती हसली, आणि मग बोलायलाच लागली. पाण्याचा टँकर, वरच्या मजल्यावरची गळती, कळव्याच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन. मला मध्येच तोडता येत नव्हतं. मिनिट संपलं तरी मी गिळलं नाही. कितीतरी वर्षांनी मी तिचं एखादं वाक्य पूर्णविरामापर्यंत ऐकत होतो.

तेव्हापासून ते मिनिट तिचं झालं. तेलाचा गुण म्हणाल तर सुरुवातीला मला झोप लागल्यासारखी वाटली. मी लगेच पुण्याला फोन करून आभारही मानले. मग भाजी घेताना, हातात मेथीची जुडी असताना, पुन्हा झटका आला आणि मी भाजीवालीच्या पाटीशेजारी खाली बसलो. वैद्यांना विचारून थेंब वाढवले. काही दिवस बरं वाटलं, की बरं वाटावं म्हणून वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण बाटलीकडे बघून मी जी आशा लावली होती ती सुटायला लागली, आणि ते झटक्यांहून वाईट होतं. झटका निदान संपतो तरी.

अशाच एका संध्याकाळी तेल जिभेखाली होतं. ती कणकेच्या गोळ्याकडे बघत म्हणाली, "तुला सांगू? मला आताशा घरी यायची भीती वाटते. लोकलने कळवा सोडलं की मी स्टेशनं मोजायला लागते. वाटतं, मी बेल वाजवीन आणि तू दार उघडणारच नाहीस."

मी घाईने गिळलं. तोवर तिने मिक्सर चालू केला होता.

मिक्सर थांबला. मला बोलता आलं असतं, पण तिची भीती खोटी आहे असं म्हणायची माझी तयारी नव्हती. तिला अजून ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस मी दुपारचा एकटा घरात बसून स्वतःला संपवण्याचाच विचार करत होतो, आणि भयंकर गोष्ट ही की त्या विचाराने मला शांत वाटायचं. तेलाने वाटलं नाही इतकं.

त्याच आठवड्यात क्लासमध्ये झटका आला. मी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि हुंदके ऐकू जाऊ नयेत म्हणून नळ सोडला. बाहेर पोरांनी दंगा सुरू केला. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आलो आणि म्हणालो, "आज सुट्टी." त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने शिट्टी मारली. त्यांना इतकं खूश मी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मी दिवा न लावता बसलो होतो.

"काय झालं?"

"काही नाही."

"क्लास का सोडलास लवकर? एका मुलाच्या आईचा फोन आलेला."

"काही नाही झालं. डोकं नको खाऊस."

तिने पर्स ठेवली, फ्रिज उघडला. मला वाटलं आता बाटली माझ्यापुढे आपटणार. तिने ड्रॉपर भरला, तेल स्वतःच्या जिभेखाली सोडलं, तोंड मिटलं आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. मग हाताने खूण केली. बोल.

मला आधी हसू आलं. कडवटपणाने तिचे डोळे बारीक झाले होते. मी म्हणालो, "वेडी आहेस का? थुंक ते." ती हलली नाही. घरात कुणीच बोलत नाहीये आणि पाळी माझी आहे, असं कधी झालंच नव्हतं.

मी म्हणालो, "मला जगायचं नाहीये. हे मी असंच बोलत नाहीये. मी ठरवायला लागलोय."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ओठ मात्र तिने घट्ट धरून ठेवले. मी दुपारांबद्दल सांगितलं, त्या शांत वाटण्याबद्दल सांगितलं, नळाबद्दल, टाळ्यांबद्दल सांगितलं. मिनिट केव्हाच उलटलं होतं. तिच्या हनुवटीवर तेल आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि तोंड पुन्हा मिटलं. मग राहिलेलं एकच मी बोललो. "उद्या तू बेल वाजवलीस तर मी दार उघडीन की नाही, मला खरंच माहीत नाही."

तेव्हा तिने गिळलं. "किती घाण चव आहे रे," म्हणाली, आणि एका हाताने माझं मनगट धरून दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच या म्हणून सांगितलं. निघण्यापूर्वी तिने ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि आमच्या दाराची आतली कडी उचकटून काढली. बाथरूमचीही काढली. स्क्रू ओट्यावर तसेच पडले होते.

गोळ्या बदलल्या. तेल डॉक्टरांनी थांबवलं. बरेच दिवस ती घरीच राहिली, नंतर तिची बहीण दुपारची येऊन बसायला लागली. मी बरा झालो असं म्हणवत नाही. आता पुन्हा ती कामावर जाते आणि संध्याकाळी बेल वाजवत नाही. स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडते, पण दार ढकलत नाही. बाहेर थांबते. मी आतून "आहे" म्हणायचं, मग ती आत येते. काही दिवशी त्या एका शब्दाची तयारी मला दुपारभर करावी लागते. परवा उशीर झाला, शब्द निघेना. दार तसंच होतं. पलीकडे तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आहे," मी म्हणालो.