शेजाऱ्याचं मत

आमच्या छोट्या गावात कोणाचा कल कुठे आहे हे विचारावं लागत नाही. निवडणूक जवळ आली की खिडक्या वाचायच्या. चर्चच्या बाजूची म्हातारी मंडळी वडिलांच्या काळापासूनच्या पक्षाचं पोस्टर लावतात. कालव्यापलीकडच्या नव्या वसाहतीत, जिथे दारात दोन-दोन इलेक्ट्रिक सायकली असतात, तिथे पर्यावरणवाल्यांची पोस्टरं. आणि आमच्या गल्लीत, आमचं घर सोडून, सगळीकडे स्थानिक पक्षाचं एकच वाक्य: 'गाव गावच राहू दे.'

त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. जुन्या कारखान्याच्या जागेवर भाड्याचे फ्लॅट तयार होत आले होते. ते गावात वाढलेल्यांना आधी द्यायचे, की जवळच्या आइंडहोव्हन शहरातल्या चिप-कंपन्यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही, हे नवी नगरपालिका ठरवणार होती. आमच्या घरमालकाला घर विकायचं होतं, करार उन्हाळ्यात संपत होता आणि मुलीच्या शाळेचं एकच वर्ष उरलं होतं. आम्ही फ्लॅटसाठी अर्ज केला होता. तो फ्लॅट मिळाला नाही तर गाव सुटणार, शाळाही सुटणार.

पाच वर्षं राहिलं की परदेशी माणसालाही इथे नगरपालिकेसाठी मत देता येतं. आमची पहिलीच वेळ. कोणता पक्ष फ्लॅटबद्दल काय म्हणतो याचा तक्ता करून मी फ्रिजवर लावला. नवरा सकाळीच मत देऊन आला. मी निघणार तेवढ्यात शेजारच्या घराच्या काचेवर टकटक झाली.

शेजारी म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. एकटे राहतात. आमची पार्सलं घेऊन ठेवतात, मुलीची सायकल त्यांनी कितीदा दुरुस्त केली असेल. मला 'ब्यूरव्राऊ' म्हणतात, म्हणजे शेजारीणबाई. मी त्यांना 'ब्यूरमन'. खुब्याचं हाड मोडल्यामुळे खुर्चीत अडकले होते. मी आत गेले तसा त्यांनी टपालाने आलेला मतदानाचा पास माझ्यापुढे सरकवला.

"पासच्या मागे मी सही केलीय, तूही कर. ओळखपत्राची प्रत सोबत आहे. माझं मत टाकून ये."

मी हात मागे घेतला. "आमच्याकडे याला बोगस मतदान म्हणतात. पोलीस धरून नेतात."

"इथे याला शेजारधर्म म्हणतात," ते हसले. "कायद्यात बसतं, वाच."

वाचलं. बसत होतं.

"कोणाला द्यायचं?"

"गावच्या यादीला. अजून कोणाला?" इथे मतपत्रिकेवरच्या प्रत्येक पक्षाला यादीच म्हणतात, आणि मत द्यायचं म्हणजे नावापुढचा गोल पेन्सिलीने रंगवायचा. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुझ्याबद्दल नाही हं. तू आमचीच. नवे येतील ना, त्यांच्याबद्दल आहे."

घर विकायला निघाल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. आता सांगणं म्हणजे खुर्चीत अडकलेल्या माणसाकडून मत उकळणं. मी सही केली आणि पास पर्समध्ये टाकला.

घरी ओळखपत्र घ्यायला गेले तर नवरा म्हणाला, "पेन्सिल तुझ्या हातात आयती आलीय. दुसरा गोल रंगव आणि ये. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"तुला तर फ्लॅटही हवाय."

"गप बस रे."

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होतं. टेबलामागच्या बाईने दोन्ही पास तपासले आणि चादरीएवढ्या दोन मतपत्रिका हातात दिल्या. आडोशाला साखळीने बांधलेली लाल पेन्सिल. माझं मत पटकन रंगवलं. दुसरी मतपत्रिका उघडली आणि हात थांबला. फ्लॅट सर्वांना द्या म्हणणारी यादी अगदी शेजारच्या रकान्यात होती. मागे कोणीतरी खोकलं. ब्यूरमननी मला शपथ घातली नव्हती, नीट दे असंही म्हटलं नव्हतं. त्यांच्या मनात ती शंकाच आली नव्हती. मी त्यांचा गोल रंगवला, कडेपर्यंत. माझं मत माझ्याच हाताने पुसल्यासारखं झालं.

दोन्ही मतपत्रिका पेटीत टाकल्या आणि सवयीने डाव्या हाताची तर्जनी शाईसाठी त्या बाईपुढे धरली. ती गोंधळली. मग तिने माझं बोट धरून हस्तांदोलन केलं.

ब्यूरमन खिडकीतच होते. "झालं?"

"झालं. तुमच्या यादीला दिलं." मग उभ्यानेच सांगून टाकलं. "आमचं घर विकायला काढलंय. त्या फ्लॅटसाठी आम्हीही अर्ज केलाय."

"सकाळी का नाही बोललीस?"

"सकाळी तुम्ही मला पास देत होतात."

त्यांनी पोस्टरकडे पाहिलं. आतून अक्षरं उलटी दिसत होती. "तरी मी त्यांनाच दिलं असतं," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

"माहीत आहे," म्हणून मी घरी आले.

आमच्या केंद्रावर गावची यादी पहिली आली. फ्लॅटचं काय करायचं ते अजून नगरपालिकेच्या सभेत ठरायचंय. मी वाट बघत बसणाऱ्यातली नाही. सामान बांधायची खोकी मागवली. आम्ही कामावर असताना ती आली आणि नेहमीप्रमाणे शेजारी गेली. संध्याकाळी मागायला गेले, तर ब्यूरमन वॉकर धरून दारातच उभे. मागे भिंतीला खोकी टेकवलेली.

"राहू देत इथेच," ते म्हणाले. "सभा व्हायचीय अजून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हाही दिली नाहीत.