आमच्या वॉर्डातले वायगोळे

बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून उभा जन्म गेला की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच पदर धरून मागे येतात! मी रत्नागिरीच्या इस्पितळात लागले तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि गर्भ पाडणं गुन्हा होता. त्यामुळे गर्भ पाडलेली बाई आमच्याकडे कधी आलीच नाही. यायचे ते सगळे वायगोळे, नाहीतर विहिरीवर पाय घसरलेल्या!

*

बुरोंडीहून एक आई लेकीला घेऊन आली. जावई दोन वर्षं बोटीवर. लेक तापाने फणफणलेली, रक्त थांबेना.

"पोटात वायगोळा उठलाय," आई म्हणाली.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चिमट्याने आतून काडी काढली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"बघा हो, तुमच्या वायगोळ्याला फांदी फुटली होती!"

पोरगी वाचली, पण पुन्हा मूल होणं नाही. काडी घालणारी सुईण मात्र गावात 'हातगुणाची' म्हणूनच राहिली.

*

अशाच एका घसरलेलीच्या चौकशीला फौजदार आले. "पुन्हा विहीरच?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेवाळ मोठं हुशार आहे, साहेब. पुरुष कधी घसरत नाही!"

*

गावात एक वैद्यबुवा होते. त्यांच्या काढ्याने म्हणे अडलेली पाळी मोकळी व्हायची. कधीकधी बाईसुद्धा! काढा पिऊन आकडी आलेल्या, लघवी बंद झालेल्या दोघीतिघी आमच्या डोळ्यांदेखत गेल्या.

एक दिवस बुवा स्वतःच्या सुनेला घेऊन हजर.

"बुवा, घरात काढा असताना इथे कुठे?"

"छे छे! घरच्या माणसाला कसा देऊ?"

*

एक बाई सहाव्या खेपेची. काळीज कमजोर, पाय सुजलेले. जीव वाचवायचा तर पिशवी खरवडून मोकळी करायला हवी होती. कायद्यात तेवढी सवलत होती. डॉक्टरीणबाईंनी लपवलं काही नाही. "भूल सोसेल याची खात्री नाही. पिशवीला भोक पडू शकतं, रक्त जाऊ शकतं, मागाहून ताप चढू शकतो."

"मग नको," सासू म्हणाली. "जिवाला धोका आहे."

"आणि बाळंतपणात नाही?"

"त्यात गेली तर सवाष्ण गेली. सोनं झालं!"

खाटेवरून आवाज आला, "मला सोनं नको, बाई. तुम्ही खरवडा."

ती वाचली. सासू आमच्याशी बोलेनाशी झाली.

*

केळशीची एक विधवा दिराने आणून टाकली. घरातच कुणीतरी 'उपाय' केला होता. विष अंगभर पसरलेलं. दीर तिच्याकडे न बघताच परतला. तापात कित्येक दिवस गेले. ती कुणाशी अक्षर बोलायची नाही, नुसती छताकडे बघत राहायची. पण चिवट निघाली, उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी घरी निरोप धाडला, न्यायला या.

दीर धावतच आला. तिला बसलेली बघून दारातच थबकला.

"अहो, हे काय केलंत? हिवतापाने गेली म्हणून आम्ही गावात सांगितलं! दिवस घातले, तेराव्याला गाव जेवला. आता हिला कुठल्या तोंडाने घरी नेऊ?"



तिने पदर सारखा केला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"भावोजी, जेवणात गोड काय केलं होतंत?"