मिठागराच्या पटावरचा पाऊस

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हाही मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. आई-बाबा पेणच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला. आई तिथल्या बायकांना सांगायची, "माझी पोर पुस्तकं करते." मी पुस्तकं करत नव्हते, मासिक करत होते. पण आईला ते सांगायचं कोणी?

मासिक मुलांचं होतं. पेणमधले एक निवृत्त मास्तर स्वतःच्या लहानशा छापखान्यातून ते काढायचे. दर अंकाच्या मधल्या दोन पानांवर एक नवा पटाचा खेळ असायचा. मुलं पिना उचकटून तो पट बाहेर काढायची, खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि घरात मिळेल त्याच्या सोंगट्या करायची. खेळ सुचवायचे, नियम लिहायचे, आणि ज्यांना नियम कळले नाहीत त्यांच्या पोस्टकार्डांना पुढच्या अंकात खुलासा द्यायचा, हे माझं काम.

बाकीचे खेळ मला सुचले होते. मिठागराचा खेळ मी पाहिला होता. लहानपणी आईची भाकरी घेऊन बांधावरून जाताना खाली चौकोनच चौकोन दिसायचे. एकात आभाळ, एकात नुसती चमक, एकात पांढरं फुटायला लागलेलं. ऊन इतकं असायचं की डोळे अर्धे मिटून चालावं लागे, आणि मग वाटायचं, कोणीतरी मोठ्या हाताने फासा टाकतंय आणि आई-बाबा एकेक घर पुढे सरकतायत. तोच पट मी कागदावर काढला. त्या खेळावर एकही पोस्टकार्ड आलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. केबल नुकतीच पेणमध्ये आली होती. एका सकाळी मास्तर म्हणाले, "मासिक बंद करू या. अंक रद्दीत जातो. निवडक बारा खेळांचं पुस्तक काढू."

मला आनंदच झाला. आईचं बोलणं आता खरं होणार होतं.

"पण एक ध्यानात ठेव," मास्तर म्हणाले, "पुस्तकाला पुढचा अंक नसतो. खुलासा कुठे देणार? म्हणून प्रत्येक खेळ परक्या माणसाच्या हातात द्यायचा. तू गप्प बसायचं. नुसतं वाचून नीट खेळता आला तर पुस्तकात, नाहीतर बाहेर."

अकरा खेळ पार पडले. शेवटी मिठागराचा राहिला. तो घेऊन आम्ही रोह्याला बाइंडरकडे गेलो. बाइंडरची बायको आणि तिची धाकटी जाऊ, दोघी खांब गावाकडच्या, भाताच्या शेतीतल्या. पडवीत बसून त्या छापील फर्म्यांच्या घड्या घालत होत्या. दुपारची वेळ, खळीचा वास, कागदाची एकसारखी सरसर. झोप यावी असं सगळं. त्यांनी काम बाजूला सारलं, सोंगट्यांना वालाचे दाणे घेतले आणि थोरलीने नियम मोठ्याने वाचायला घेतले.

"'उघाडीचं दार उघडा, खाडीचं पाणी आत घ्या.' घेतलं."

"खाडीचं पाणी?" धाकटी म्हणाली. "सगळं खारं नाय का होणार?"

"खेळ हाय गो. तुझ्या बापाचं शेत नाय ते."

मास्तर हसले. मी ओठ मिटून बसले. थोडं पुढे गेल्यावर धाकटीचा दाणा एका घरात पडला. घरात मी एकच शब्द लिहिला होता: पाऊस.

"आला गो बाई एकदाचा!" ती ओरडली आणि दाणा उचलून सरळ सहा घरं पुढे नेला. थोरलीनेही हरकत घेतली नाही. उलट म्हणाली, "तुझं नशीबच दांडगं. माझ्याकडं कधी पडायचा?"

तयार होत आलेल्या मिठावर पाऊस पडला तर सगळं पाणी होतं. सोंगटी पार सुरुवातीला परत. पण हे लिहायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे ते कोणी कोणाला सांगत नाही. आमचे वाचक बहुतेक खाडीकाठचे, त्यांनाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

धाकटी जिंकली. पावसाच्या जोरावर मिठाची रास तिची झाली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "त्या चुकीचं खेळल्या."

"चुकीचं, हे तुला ठाऊक. कागदाला नाही," मास्तर म्हणाले. "राहू दे हा. अकरा पुरेत."

"उद्या सकाळपर्यंत थांबा."

"त्याला उद्या कशाला? वाक्य तर एकच घालायचंय."

वाक्य एकच होतं, पण धाकटीचा तो आनंद खोडून ते लिहायला हात होईना.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्या बसल्या डोळा लागला. रोह्याकडची खाचरं आणि आमचे मिठाचे वाफे एकमेकांत मिसळले, सगळे चौकोन एकाच पटावर आले. त्यावर पाऊस पडत होता. एकीकडे आई पदर खोचून मिठाच्या राशीवर पेंढा टाकायला धावत होती, दुसरीकडे खांबच्या दोघी बांधावर उभ्या राहून तोंडावर पाणी झेलत हसत होत्या. कोणीच चुकीचं नव्हतं. जाग आली तेव्हा पेण आलं होतं.

सकाळी मी मास्तरांपुढे कागद ठेवला. डाव्या पानावर मिठागर, उजव्या पानावर शेत, आणि पट जिथे पुस्तकाच्या शिवणीत जाणार तिथे बांध. खेळायच्या आधी प्रत्येकाने ठरवायचं, मिठाचं व्हायचं की शेताचं. मिठाला शिंपला, शेताला वालाचा दाणा. पाऊस आला की शिंपला सुरुवातीला, वाल सहा घरं पुढे. उधाण आलं की शिंपला पुढे, आणि वाल मागे, कारण शेतात खारं पाणी.

मास्तरांनी दोनदा वाचलं. मग कागद छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याकडे दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारा."

पुस्तक घरी नेलं तेव्हा आईने आधी हात धुतले, पुसले आणि मग ते मांडीवर घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. मी नियम सांगितले, शिंपला तिच्यापुढे ठेवला. मिठाने चिरा पडलेल्या बोटांनी तिने तो माझ्याकडे सरकवला आणि वालाचा दाणा उचलला.

"अगं, तू मिठाची ना?"

"जन्मभर हाय," आई म्हणाली. "एकदा बघू दे गो, पाऊस पडला की पुढं कसं जातात ते."

आणि फासा मुठीत घोळवत ती पावसाच्या घराकडे बघत बसली.