मेमरी कार्डातलं शेत

नव्या गेमची जाहिरात आली की मी आधी तारीख बघतो. पूर्वी चित्रं बघायचो. आता चित्रं सगळ्यांचीच चांगली असतात. घोड्याच्या अंगावरचा घाम दिसतो, चिखलात बूट रुततो तोही दिसतो. पण शेवटी काळ्या पडद्यावर 'लवकरच' एवढंच येतं, आणि त्यांचं लवकर म्हणजे कधी तीन वर्षं, कधी पाच. तरण्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

पाटोद्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गेमचा नाद तिथंच लागला. बीडहून एकाने दुरुस्तीला आणलेलं कार्ट्रिज खोचायचं गेमचं मशीन तो परत न्यायला आलाच नाही, आणि मी ते चालू करून बसलो. डब्यावर हजारो गेम लिहिलेले होते, निघाले सहा. ते सहा मी वर्षभर खेळलो. त्यानंतर जे जे मशीन आलं ते मी नवं नाहीतर जुनं, कुठून तरी मिळवलं. लोक टीव्ही घेऊन यायचे आणि मी गेमचा रिमोट हातात धरून रेस लावलेली असायची. "मामा, आमचा टीव्ही कधी होणार ओ?" असं विचारून विचारून शेवटी तेही शेजारी बसायचे.

आता दुकान नाही. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिने मला नवं मशीन घेऊन दिलं. त्याला सीडी लागत नाही. गेम इंटरनेटवरून उतरतो, आणि आमच्या इथल्या नेटवर एक गेम उतरायला तीन-चार दिवस लागतात. उतरला की तो म्हणतो, आता याची दुरुस्ती उतरवा. दुकानात मी दुरुस्ती न करता टीव्ही दिला असता तर गिऱ्हाइकाने डोक्यात घातला असता. इथं पैसे आधी घेतात आणि दुरुस्ती वर्षभर चालते. अक्षरं इतकी बारीक की पडद्यापाशी उभं राहून वाचावी लागतात. आणि बरेचसे गेम आता संपतच नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी नवा हंगाम, नवे कपडे, नव्या बंदुका. मला संपणारे गेम आवडतात. खरी धास्ती मात्र वेगळीच आहे. आपण खेळलेलं आता आपल्या हातात नसतं, ते कंपनीच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर असतं. कंपनीने एक दिवस ठरवलं की बंद, तर तुमची सगळी वर्षं गेली. मुलगी म्हणते, "अप्पा, असं कोणी उगीच पुसत नसतं." मी पुसलं होतं, आणि उगीचच पुसलं होतं.

ते आता लिहितो. मुलीला मी सांगितलं होतं की आईचा गेम आईच्याच हातून चुकून गेला. ते खोटं होतं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे सीडीचं मशीन होतं. त्याचं सीडी वाचणारं भिंग म्हातारं झालं होतं, म्हणून ते उलटं ठेवून चालवावं लागायचं. दुकानात धूळ फार, म्हणून ते घरीच ठेवलं होतं आणि दुपारी जेवायला आलो की लावायचो. त्यात एक शेतीचा गेम होता. मला तो संथ वाटला, आठ दिवस खेळून सोडून दिला. एका दुपारी बायकोने विचारलं, "ह्यात काय करायचं असतंय?" मी म्हणालो, शेती. ती हसायला लागली. ती आष्टीकडच्या कोरडवाहू घरातली. म्हणाली, "ती तर म्या फुकटात केली बारा वर्षं."

पण बसली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने अक्षरं आकारावरून ओळखून ठेवली. तीन रेघांचं आलं की पेरायचं, शेपटीचं आलं की विकायचं, असं. गाईला नाव द्यायचं असायचं तेव्हा तिने जे अक्षर डोळ्याला बरं वाटलं ते दिलं. एक गाय नुसती गोल अक्षराची होती. खेळता खेळता ती त्या गावाशी भांडायची. "ह्यांच्याकडं पाऊस सांगून येतोय बघा. दुष्काळच न्हाई, मग कसली शेती." पण दुपारची भांडी झाली की ती मशीनपुढे असायची. तीन वर्षं असायची.

खेळलेलं ज्यात साठायचं ते मेमरी कार्ड काडेपेटीएवढं होतं. त्यात पंधरा चौकोन. तिच्या शेताने त्यातला एकच घेतला होता.

तिचं शेत माझ्या कुठल्याही गेमपेक्षा पुढे गेलं. मला आठ दिवसांत कंटाळा आला होता तिथं तिने नदीवर पूल बांधला, डोंगराकडची पडीक जमीन वहितीत आणली, गोठा दोनदा वाढवला. शेजारचे कंपाउंडर आमच्याकडे खेळायला यायचे. त्यांनी तिचं शेत पाहिलं आणि दुकानात चार माणसांत सांगितलं, "ह्यांच्यापेक्षा वहिनी लई भारी खेळतात. हे नुसतंच मशीन खोलतंय अन् बसवतंय." सगळे हसले, मीही हसलो. त्या गोष्टीचा मला इतका राग का आला, हे मी आजपर्यंत कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. पाटोद्यात मशीनमधलं कळणारा माणूस मी होतो. दुसरं काही मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नळाला गेली होती. मी कार्ड उघडलं. तिचा चौकोन निवडला. मशीनने इंग्रजीत विचारलं, नक्की पुसायचं का. मी 'हो'वर आलो, 'नाही'वर गेलो, परत 'हो'वर आलो. जागा कमी पडत नव्हती, पाच चौकोन रिकामे होते. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

संध्याकाळी तिने मशीन लावलं आणि शेत नव्हतं. ती बराच वेळ तेच तेच बटण दाबत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काल पावणे आले म्हणून म्या झटकन बंद केलं. तेच्यानं गेलं का?"

मी म्हणालो, "सेव्ह होताना बटण बंद केलं की असं होतं."

वाक्य खरं होतं. कुठल्याही पुस्तकात सापडेल. तिने मान हलवली आणि मशीनवर फडकं टाकलं. परत कधी ती खेळली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. मी ते दुकानात सांगितलं. हसत सांगितलं की हिचा हात लागला आणि मशीनमधलं शेत करपलं. मग ती घरातली म्हणच होऊन बसली. मिक्सर जळाला, आईचा हात लागला असेल. टीव्हीचा रिमोट हरवला, आईचा हात लागला असेल. मुलगीही लहानपणापासून तेच ऐकत आणि म्हणत मोठी झाली. प्रत्येक वेळी पहिला हसणारा मी असायचो. आणि बायको हळूहळू बटणांपासून लांब झाली. आधी मशीन, मग टीव्ही, मग पाण्याची मोटर. एटीएमच्या दारातूनच ती कार्ड माझ्याकडे देते. मोबाइल आला तेव्हा ती आलेला फोन घ्यायला शिकली, कारण मुलीने हिरव्या खुणेवर बोट फिरवून दाखवलं. फोन लावायला शिकली नाही. "माझ्या हातून काय तरी पुसंल," म्हणायची.

गेल्या श्रावणात मी न्हाणीत चक्कर येऊन पडलो. शुद्ध होती, पण उठता येत नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. ती फोन हातात घेऊन दारात उभी होती आणि तिचं बोट पडद्यावर टेकत नव्हतं. मी आतून सांगत होतो, पोरीचं नाव दाब, वरचंच आहे. ती म्हणाली, "न्हाई ओ, मला न्हाई जमत," आणि फोन ओट्यावर ठेवून अनवाणी कंपाउंडरांकडे पळाली. ते घरी होते म्हणून बरं. नसते तर काय, हे मी तेव्हापासून रोज मोजतो. मला काही झालं तर ही एकटी या घरात फोनकडे बघत उभी राहील. तिला तसं मी केलंय. रक्तदाबाची गोळी घेताना, जिना चढताना, गेम खेळतानाही माझ्या डोक्यात तेच असतं.

या वर्षी बातमी आली की तो जुना शेतीचा गेम परत येतोय. तेच गाव, तीच नदी, सगळं नव्याने काढलेलं. मुलीने तो लगेच आगाऊ नोंदवून ठेवला. फोनवर आईला म्हणाली, "आई, तुझा गेम येतोय. मराठीत नाही, पण आता वाचावं लागत नाही, चित्रं दाखवून सांगतो म्हणे." हिने फोन माझ्याकडे दिला. "तिला म्हणावं मला नगं. परत मोडायचा."

मी गेमचं माहितीचं पान तीनदा वाचलं. यात शेत आपोआप सेव्ह होतं, दर थोड्या वेळाने. बटण बंद करा नाहीतर वायर उपटा, फार तर सकाळचं काम जाईल. मी ते तिला समजावून सांगायला बसलो. ती अंगणात ज्वारी निवडत होती. मी आपोआप सेव्हचं सगळं सांगितलं. तिने सूप हलवलं आणि म्हणाली, "मशीन चांगलं आसंल. हात माझाच हाय ना."

तेव्हा मी सांगितलं. नीट मांडणी केली नव्हती. आधी म्हणालो की तुझ्या हाताने गेलं नव्हतं. मग म्हणालो, मी पुसलं होतं. तिला वाटलं मी समजूत काढतोय. म्हणाली, "आसू द्या, आता काय तेचं." मग मी पाच रिकाम्या चौकोनांचं सांगितलं. मशीनने विचारलं होतं तेही सांगितलं.

तिचा हात सुपात थांबला.

"कशापायी?"

मी कंपाउंडर काय म्हणाले ते सांगितलं. तोंडाने सांगताना ते फार लहान वाटलं.

"म्या पुढं गेले म्हणून?"

"हो."

"एकाच घरात कसलं ओ पुढं अन् मागं," ती म्हणाली. मग म्हणाली, "न्हाणीत पडला व्हता तुमी. मला फोन लावता आला न्हाई. रातभर मला झोप न्हाई, का माझ्या हातानं माणूस गेला असता. ते बी तुमी बघितलं, अन् गप बसला."

ती सूप घेऊन आत गेली.

पुढचे काही दिवस ती जेवायला वाढत होती, चहा देत होती, गोळीची आठवण करत होती. बाकी बोलणं नव्हतं. मुलीचा फोन आला तेव्हा ती फोन घेऊन ओसरीवर गेली. मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने म्हणाली, "गेम आला की हिकडं ये. मला तूच दाखव. अप्पाला हात लावू देऊ नको." तिकडून मुलीने काहीतरी विचारलं असणार. ही म्हणाली, "ते त्येंला इचार."

मुलीने विचारलं आणि मी सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, मी तिला किती चिडवलं." मी म्हणालो, तुझा काय दोष. ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय. माझा नाही."

त्यानंतर मी तारखेची वाट बघायला लागलो, आणि वाट बघणं मला आता झेपत नाही. रोज सकाळी बातम्या बघायचो. गेम पुढे ढकलले जातात, हे मला तीस वर्षांच्या नादातून पक्कं माहीत आहे. परवा तेच झालं. कंपनीने लिहिलं की आणखी थोडं काम बाकी आहे, गेम उन्हाळ्यानंतर येईल, माफ करा.

मी तासभर तसाच बसून होतो. ती चहा घेऊन आली तेव्हा सांगितलं की गेम लांबलाय, कंपनीने लांबवलाय.

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांपूर्वी मी खोटं बोललो तेव्हा तिने असं बघितलं नव्हतं. तेव्हा तिने लगेच मान हलवली होती.

"कंपनीनं?" ती म्हणाली.

"हो. हे बघ, लिहिलंय." मी पडदा तिच्याकडे वळवला. इंग्रजीत होतं.

"पोरीला इचारते," ती म्हणाली.

मला वाटलं फोन माझ्याकडे देईल आणि लावून द्या म्हणेल. मी हातही पुढे केला. तिने फोन ओट्यावरून उचलला, चष्मा घातला आणि अंगणात गेली. खिडकीतून ती मला पाठमोरी दिसत होती. बोट बराच वेळ वर होतं. मग टेकलं. फोन कानाला लावून ती उभी राहिली. मुलगी कामात असणार, तिने फोन कापला. बायकोने तो कानापासून काढून बघितला, जणू तिच्याच हातून काही झालं.

ती कामात असेल, असं सांगायला मी उठलो होतो. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. मी सांगितलेलं तिने कशाला ऐकावं. तिने पदराने पडदा पुसला आणि परत नाव शोधायला लागली.