बियाण्याला ठेवलेलं नेट

परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाईलचं दुकान आहे. पाटीवर रिचार्ज, कव्हर, चार्जर असं लिहिलंय, पण माणसं येतात ती वेगळ्याच कामाला. काउंटरवर मोबाईल ठेवतात आणि म्हणतात, "ताई, नेट किती उरलं बघा बरं."

हे ज्याचं त्याला मोबाईलमध्ये दिसतं. कंपनीचं ॲप असतं. मी ते सगळ्यांना टाकून दिलं, बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं परत दारात. कारण ॲप उघडायला नेट चालू करावं लागतं आणि चालू केलं की ते सरतं, ही बातमी बाजारात फिरली होती. एक बाई तर भांडायलाच उठल्या. "तुम्ही बघितलं म्हणून कमी झालं. बघायच्या आधी किती होतं ते सांगा."

या सगळ्यांचे शिरोमणी आमच्या गल्लीतले काका. जन्मभर ते जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापूस मोजायला. माल येताना मोजायचा आणि जाताना मोजायचा, हा त्यांचा धर्म. म्हणून ते सकाळी यायचे आणि संध्याकाळीही यायचे. शिवाय मोजताना तिसरा माणूस हजर पाहिजे, म्हणून समोरच्या चहावाल्याला हाक मारायचे. तो बिचारा हातातलं पातेलं ठेवून यायचा, माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघायचा, मान हलवायचा. मग काका म्हणायचे, "बराबर." मग कुठं मला माझा काउंटर परत मिळायचा.

त्यांचा प्लॅन रोजच्या दीड जीबीचा. एक दिवस म्हणाले, "माय, यातलं निम्मंच वापरायचं. निम्मं ठेवायचं."

"ठेवून काय उपयोग, काका? रात्री बाराला उरलेलं जातं आणि नवीन येतं."

"गेलं तर ते कंपनीचं पाप. आपण ठेवायचं काम केलं पायजे. बियाण्याला कुणी हात लावतंय का?"

मी पुष्कळ समजावलं. पण बियाण्यापुढं माझं काही चालेना. शेवटी त्यांच्या मोबाईलमध्ये सेटिंग करून दिलं: निम्मं सरलं की नेट आपोआप बंद. काका इतके खूश झाले की चहावाल्याला त्यांनी त्याचाच चहा पाजला. मलाही वाटलं, चला, डोक्याचा ताप गेला.

त्याच सुमारास काकू अंगणात घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. पण आता बाळंतिणीचं करणार कोण? लेक पुण्याला सासरीच राहिली, तिथंच तिला मुलगी झाली आणि बारसंही तिथंच ठरलं. काकूंना हलता येत नव्हतं आणि काकूंना टाकून काका जाणार नव्हते. पाळणा तर काकूंनी कधीचाच रंगवून ठेवला होता. "नातीचं नाव माझ्या घरात ठेवायचं होतं," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या तोंडाकडं बघवत नसे.

उपाय एकच होता, व्हिडिओ कॉल. नाव कानात सांगताना निदान बघायला मिळेल. काकांनी मला रीतसर बोलावणं केलं. नातीच्या बारशाला म्हणून नव्हे, साक्षीला म्हणून. दुकानाचं शटर ओढून मी भर दुपारी गेले आणि बघितलं तर काकूंनी बैठकीत पाळणा टांगून घेतलेला. घुगऱ्यांचं पातेलं तयार. गल्लीतल्या बायका जरीची लुगडी, साड्या नेसून बसलेल्या.

"पाळणा कशाला?" मी विचारलं.

"बाळ काय जमिनीवर ठेवावं?" काकू म्हणाल्या.

कॉल लागला. काकूंनी काकांचा मोबाईल पाळण्यात दुपट्यावर निजवला, उशाला दुसरं दुपटं लावलं. स्क्रीनवर बाळ गाढ झोपलेलं. बायका एकेक करून वाकल्या, कुणी काजळाचा टिळा लावायला निघाली तिला मी अडवलं. मग पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि काकूंनी स्टुलावर बसून दोरी ओढली. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा आवाज आला, "आई, आम्हाला नुसता पंखा दिसून राह्यलाय. तो पण झोके घेऊन राह्यलाय."

"मंग काय, पाळणा हलवू नको?" काकू म्हणाल्या आणि हलवत राहिल्या.

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी भिंतीकडं वळले. तिकडं बाळाची आत्या पुढं आली, वाकली, कानाशी तोंड नेलं, म्हणाली, "कुर्रर्र..."

आणि आत्या तशीच थिजली. स्क्रीनवर सूचना आली. ठरवलेलं निम्मं सरलं होतं. मी करून दिलेलं सेटिंग शहाण्यासारखं वागलं होतं.

मी पाळण्यात हात घालून सेटिंग काढायला लागले. नेट सुरू झालं, कॉल लावला, पण तिकडं गाण्याच्या गलक्यात कुणी उचलेना. वरातीमागून घोडं. इकडं बायकांचं गाणं बंद पडलं आणि पाळणा हलता हलता आपोआप थांबला. काकूंनी दोरी मांडीवर ठेवली आणि त्या प्लास्टरकडं बघत बसल्या. जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं.

मग साधा फोन वाजला. लेकीचाच. काकूंनी मोबाईल पाळण्यातून उचलला आणि कानाला लावला. तिकडून लेक हळूच काहीतरी बोलली. काकूंनी डोळे मिटले. ऐकलं, परत सांग म्हणाल्या, परत ऐकलं. बायका विचारत होत्या, "काय ठेवलं, काय ठेवलं?" काकू सांगेनात. आधी तोंडात घुगरी घातली, ती सावकाश चावली, डोळे पुसले, आणि मग सांगितलं.

बायका आपापल्या घरी गेल्यावर काकांनी सवयीनं मोबाईल माझ्याकडं दिला. "बघ बरं, किती उरलं."

"निम्मं आहे की, काका. जवळजवळ अख्खं निम्मं."

काका "बराबर" म्हणाले नाहीत. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. "मंग ते कुणासाठी ठेवल्तं हो?"

काकांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, काकूंच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "लाव पुण्याला. बाळ झोपलेलं असलं तरी लाव."

संध्याकाळी ते नेहमीसारखे दुकानात आले. चहावाला पातेलं ठेवून उठलाच होता. काकांनी त्याला हातानंच बसवलं. "आज मोजायला काही न्हाई," म्हणाले. "म्हातारीनं सगळं संपवलं."